गार, भेग आणि सोने

उन्हाळ्याच्या अखेरीस निलंग्याकडच्या एका शेतात विहिरीचे काम चालले होते. मुरूम केव्हाच संपला होता, काळा पाषाण फोडून झाला होता आणि त्याखाली मांजऱ्या लागला होता. आदल्या संध्याकाळी उडवलेल्या सुरुंगाचा तिखट वास अजून तळाशी कोंडून राहिला होता आणि ओल्या दगडाच्या वासात मिसळून वर येत होता. यारीने उचललेला डबा काठावर उलटला, काळ्या ढिगात काहीतरी लखलखले आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. दगडाच्या एका तुकड्यात मुठीएवढी पोकळी होती आणि तिच्या आतल्या सगळ्या अंगाला पांढऱ्या गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, टोकदार खडे दाटीने उगवलेले होते. शेताचे मालक, ज्यांना सगळे गाव मामा म्हणते, त्यांनी तो तुकडा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला, उन्हात फिरवून पाहिला आणि मला विचारले, "सर, सोनं गारीतच घावतंय म्हणतेत. मग आमच्या गारीत का नाही?" मी बोलणार तोच खालून आरोळी आली, यारी कुरकुरली, मामा तिकडे वळले आणि प्रश्न माझ्यापाशी राहिला.

मी भूशास्त्र शिकवतो. या प्रश्नाचे वर्गात द्यायचे उत्तर मला पाठ आहे. पण ते उत्तर त्या काठावर उभे राहून देणे मला जड गेले असते. मामांचे जुने घर 1993 च्या भूकंपात गेले, घरातली माणसेही गेली. आणि गारेत सोने कसे येते याचा खरा खुलासा भूकंपाला वळसा घालून करताच येत नाही. ज्याने ती पहाट पाहिली आहे त्याला हे कोणत्या शब्दांत सांगावे, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून आहे.

उत्तराचा सोपा भाग आपल्या पायाखालच्या काळ्या दगडाचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरांवर थर येऊन पसरलेल्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला आणि बुडबुड्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हाच पोकळ्यापोकळ्यांचा दगड. त्यातून पुढे दीर्घकाळ कोमट, कधी चांगलेच गरम, पाणी झिरपत राहिले. शेजारच्याच दगडातली सिलिका, म्हणजे गार ज्याची बनते ते द्रव्य, थोडी थोडी त्या पाण्यात उतरली आणि सवडीने पोकळ्यांच्या भिंतींवर बसत गेली. जालन्याकडची जांभळी गार, अजिंठ्याच्या डोंगररांगेतले अकीक, छत्रपती संभाजीनगरच्या भोवती विहिरींत आणि रस्त्यांच्या खोदकामांत निघणारे झिओलाइट या खनिजाचे नाजूक झुबके, हे सगळे या शांत व्यवहारातून आलेले आहे. उष्णता फार तर शे-दोनशे अंशांची, दाब थोडका, पाणी जवळपासचेच. त्यात सोने उचलून नेण्याइतके गंधक नव्हते आणि मैलोन्‌मैल पसरलेल्या खडकातून निघून एकाच वाटेला लागलेला लोंढाही नव्हता. मला ही गार मनापासून आवडते; तिच्या एकेका खड्याची धार पाहिली की इतक्या निवांतपणे काही घडू शकते याचे समाधान वाटते. पण तिच्याकडे सोने मागता येत नाही.

सोन्याची गार वेगळ्या घरातली आहे.

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. त्यांच्या आसऱ्याने असलेल्या सराफ लाइनीत मी लहानपणी आईबरोबर पुष्कळदा बसलो आहे. शेगडीतला कोळसा, मुशीत वितळणारे सोने, टाकणखाराची चिमूट पडताच त्यावर धरणारी काचेसारखी साय, कसोटीच्या काळ्या दगडावर ओढलेली पिवळी रेघ आणि तेजाबाच्या थेंबाने ती पुसली जाते की टिकते हे पाहणारे आमचे चेहरे, हे सगळे मला अजून दिसते. पण त्याहून जास्त मनात राहिला तो पहाटेचा झारेकरी. दुकाने उघडण्याआधी तो येई, उंबऱ्यांपुढची धूळ, गटाराच्या कडेचा गाळ, शेगडीची राख असे सगळे हलक्या हाताने झाडून गोणीत भरी आणि पुढे ते घमेल्यात पाण्याने धूत बसे. कानशीने घासताना उडालेले, कपड्याला चिकटून बाहेर गेलेले, कुणाच्याही हिशेबात नसलेले कण त्या मणभर धुळीतून वेचून शेवटी त्याच्या हाती एखादी गुंज येई. पृथ्वीच्या पोटातले गरम पाणी नेमके झारेकऱ्याचे काम करते, एवढाच फरक की त्याचे घमेले डोंगराएवढे असते आणि त्याला लाखो वर्षांची उसंत असते.

सोने जगात दुर्मीळ आहे असे आपण म्हणतो, पण ते कुठेच नाही असे ठिकाण जवळजवळ नसते. कवचाच्या सर्वसाधारण खडकात टनामागे एक-दोन मिलिग्रॅम सोने सापडते. लाव्ह्याच्या काळ्या खडकात किंचित जास्त. टनाला 2 मिलिग्रॅम धरले, तर 10 ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी 5,000 टन खडकातले सगळेच्या सगळे सोने गोळा करावे लागेल. मामांच्या विहिरीतून निघालेल्या दगडांतही या हिशेबाने सोने होतेच. फक्त ते इतके पांगलेले होते की कोणत्याही घमेल्याला लागू नये. खाण चालवायची तर टनामागे निदान काही ग्रॅम हवेत. टनाला 4 ग्रॅम असले, तर तोच तोळा अडीच टनांत निघतो. 5,000 टनांत विखुरलेले अडीच टनांत कोणी आणि कसे आणले, एवढाच खरे तर सोन्याच्या शिरेचा प्रश्न आहे.

आणणारे पाणीच, पण ते पावसाचे नव्हे. खडकांत एक पाणी असे असते जे ओल म्हणून दिसत नाही. ते खनिजांच्या रचनेतच बांधलेले असते. समुद्राच्या तळाशी ओतलेला लाव्हा पाणी पिऊन हिरवट होतो, त्यात क्लोराइटसारखी पाणीदार खनिजे तयार होतात. पुढे भूखंडांच्या रेट्यात सापडून तोच खडक खोल गाडला जातो आणि तापू लागतो. साधारण 500 अंशांच्या सुमारास क्लोराइट मोडते आणि त्याने धरून ठेवलेले पाणी मोकळे होते. त्याच टप्प्यावर खडकातले पायराइट मोडून दुसरे लोह-गंधकाचे खनिज तयार होते, तेव्हा गंधक सुटते आणि पायराइटच्या अंगात लपलेला सोन्याचा अंशही सुटतो. कार्बन डायऑक्साइड असतोच. असे खारटपणा कमी असलेले, कार्बन डायऑक्साइड आणि गंधक घेतलेले, तीन-चारशे अंशांचे पाणी दहा-पंधरा किलोमीटर खोलीवरून वर निघते. वरच्या खडकांचा दाब इतका असतो की एवढे तापूनही ते उकळत नाही. त्याला द्रव म्हणावे की वायू, असा आपल्या रोजच्या अनुभवात न बसणारा तो पदार्थ आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती सोन्याची आणि गंधकाची दोस्ती. सराफ लाइनीत आम्ही हेच शिकलो की सोने कशालाच दाद देत नाही. एकट्या शोऱ्याच्या तेजाबात ते विरघळत नाही, म्हणून तर कसोटी लागते. ते हवेत काळवंडत नाही, जमिनीत पुरले तरी खराब होत नाही. पण खोलवर, त्या तापलेल्या पाण्यात, हायड्रोजन सल्फाइडपासून आलेल्या गंधकाच्या दोन अणूंच्या मध्ये सोन्याचा एक अणू धरला जातो आणि मग तो पाण्याबरोबर निमूटपणे चालू लागतो. वाहणारे प्रमाण अगदी क्षुल्लक, एक टन पाण्यामागे काही मिलिग्रॅम किंवा त्याच्या थोडे वर. त्याच पाण्यात सिलिकाही विरघळलेली असते, किलोमागे फार तर काही ग्रॅम. याचा अर्थ असा की शिरेतली एक किलो गार बसायला शेकडो लिटर पाणी त्या वाटेने जावे लागते. हातभर रुंद आणि किलोमीटरभर लांब शीर भरायला किती पाणी गेले असेल याचा अंदाज बांधू लागलो की माझी नेहमीची मापे थकतात.

पण पाणी आले म्हणून सोने उतरत नाही. त्याला उतरवायला काहीतरी बिघडावे लागते. गंधकाचा हात सुटला पाहिजे. कधी बाजूच्या खडकातले लोह गंधकाला आपल्याकडे ओढते, त्याचे पायराइट होते आणि एकटे पडलेले सोने तिथेच बसते; म्हणूनच काळ्या, लोहयुक्त खडकाला लागून असलेल्या शिरा बहुधा जास्त देणाऱ्या असतात. आणि कधी, फार वेळा, दाब अचानक कोसळतो. पाण्यातले वायू सुटे होतात, त्यांच्याबरोबर गंधक निघून जाते, सिलिकेला धरून ठेवण्याची पाण्याची ताकद संपते आणि गार व सोने दोन्ही एकदम भिंतींवर उतरतात. दहा किलोमीटर खोलीवर दाब अचानक कोसळण्याचा मार्ग एकच असतो.

जमीन फाटते.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते, आणि चार वाजायला काही मिनिटे कमी असताना ते झाले. त्याच्या आदल्या वर्षापासून त्या भागात जमिनीखालून गडगडाट येत असे आणि लोकांना त्याची एक प्रकारची सवय होऊन गेली होती. माझी मावशी किल्लारीजवळच्या एका गावात दिलेली होती. वडील मला घेऊन तिकडे गेले तेव्हा पाऊस लागला होता, आणि हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती व माळवदाची धाबी यांचा जो चिखल झाला होता त्याचा वास मी पुन्हा कुठे घेतलेला नाही. गाव ओळखण्याची खूण म्हणून आम्ही ज्या लिंबाकडे पाहात होतो तो उभा होता. त्याच्या आसपास घर म्हणावे असे काही उरले नव्हते. मावशी वाचली. काकांना आणि धाकट्या भावंडाला आम्ही तिथेच, बाकी सगळ्यांबरोबर, निरोप दिला.

कितीतरी दिवसांनी ढिगारे उपसले जाऊ लागले तेव्हा तिची बोरमाळ सापडली. लाखेवरची बोरमाळ होती. मण्यांच्या आतली लाख चुरा होऊन गेली होती, वरचे सोन्याचे पान चपटे झाले होते, एकमेकांत रुतले होते, पण पिवळेपण तसूभरही उणे झाले नव्हते. मावशीने ती लातूरला आणली. सोनाराने माती धुतली, लाखेचा चुरा काढला, तराजूत टाकले आणि वजन सांगितले. पूर्वीच्या चिठ्ठीतल्या वजनाशी ते जुळत होते. मावशी त्याला म्हणाली, "दादा, ह्याचं काही घडवू नका. नुसतं आटवून द्या." आटवलेली ती लहानशी लगड तिने नातीच्या लग्नापर्यंत पेटीत ठेवली. तिला ते सोने अंगावर नको होते आणि मोडायचेही नव्हते. ही दोन्ही मते तिने एकाच वेळी बाळगली आणि मला ती दोन्ही बरोबर वाटतात.

या आठवणीच्या शेजारी मला पुढे शिकलेली गोष्ट ठेवावी लागते. 1988 मध्ये रिचर्ड सिब्सन यांनी फ्रान्स्वा रॉबेर आणि हॉवर्ड पोल्सन या सहकाऱ्यांबरोबर कॅनडातल्या सोन्याच्या शिरांचा अभ्यास मांडला. त्यांना कोडे पडले होते ते भेगांच्या उतारांचे. शिरा ज्या भेगांत होत्या त्या इतक्या उभ्या होत्या की नुसत्या बाजूच्या रेट्याने त्या सरकायलाच नको होत्या. त्या सरकल्या, कारण खालून येणारे पाणी बंद भेगेखाली साचत गेले आणि त्याचा दाब वाढत वाढत वरच्या साऱ्या खडकाच्या भाराइतका, क्षणभर त्याहूनही जास्त झाला. पाण्याने भेगेच्या दोन्ही बाजू जणू सैल केल्या, एक बाजू दुसरीवर चढली, भूकंप झाला. फाटलेल्या वाटेने पाणी वर सुटले, दाब कोसळला, गार बसली, सोने बसले, आणि बसलेल्या गारेनेच वाट पुन्हा बुजवून टाकली. मग पुन्हा पाणी साचायला सुरुवात. या उघडझाप करणाऱ्या भेगेला त्यांनी झडपेची उपमा दिली आणि भूशास्त्रात ती रूढ झाली. मी ही मांडणी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यातली एक ओळ वाचून पुस्तक मिटले होते, कारण किल्लारीचा भूकंपही अशाच, एक बाजू दुसरीवर चढणाऱ्या भेगेवर झालेला होता.

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात हट्टीचा एक नमुना आहे. हट्टी म्हणजे रायचूर जिल्ह्याच्या लिंगसूर तालुक्यातली सोन्याची खाण. 1948 पर्यंत तो मुलूख आणि आपला मराठवाडा एकाच निजामी राज्यात होता आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दोघांची सोबत होती. नमुना दिसायला अगदी साधा आहे. काळाभोर अ‍ॅम्फिबोलाइट नावाचा खडक आणि त्याला लागून राखाडी गार. सोने डोळ्यांना दिसत नाही, म्हणून विद्यार्थी दरवर्षी हिरमुसतात. मी त्यांना भिंग देतो आणि गारेतल्या बारीक काळ्या रेघा बघायला सांगतो. राखाडी गारेचा पट्टा, मग काळ्या खडकाची कागदासारखी पातळ चकती, मग पुन्हा गार, पुन्हा चकती. भेग गारेने भरली, पुढच्या वेळी ती गारेच्या आणि खडकाच्या सांध्यावर फाटली, खडकाचा पातळ पापुद्रा सुटून गारेला चिकटला, त्यापलीकडे नवी गार बसली. भेगणे आणि भरणे, भेगणे आणि भरणे. त्या बोटभर पट्ट्यांत किती धक्के आहेत हे मी विद्यार्थ्यांना मोजायला लावतो, आणि मोजता मोजता वर्गातला गलका कमी होत जातो. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरांत 1993 सालाचे कोणी ना कोणी आहे.

गेल्या काही वर्षांत या गोष्टीत दोन महत्त्वाच्या भरी पडल्या आहेत. 2013 मध्ये डिऑन वेदर्ली आणि रिचर्ड हेन्ली यांनी गणिताने दाखवले की भेग जिथे वाकलेली असते, तिथे सरकण्याच्या क्षणी इतकी पोकळी एकाएकी उघडते की आतले पाणी डोळ्याचे पाते लवण्याआधी वाफ होऊन जाते आणि त्यात विरघळलेले सगळे तिथल्या तिथे टाकून देते. म्हणजे लहानसा भूकंपही आपली चिमूट मागे ठेवतो आणि हजारो लहानमोठे भूकंप मिळून खाण होते. तरीही एक अडचण उरत होती. पाण्यात सोने एवढे विरळ असेल तर गारेच्या मधोमध बोटाच्या पेराएवढे, क्वचित मुठीएवढे गोळे कसे होतात? 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या ख्रिस व्हॉइसी यांच्या गटाने त्यावर एक देखणे उत्तर सुचवले. गार दाबली की तिच्यात वीज निर्माण होते. हा गुण झाक आणि प्येर क्युरी या भावांनी 1880 मध्ये शोधला आणि भिंतीवरची क्वार्ट्‌झची घड्याळे त्याच्याच आधारे चालतात. व्हॉइसी यांच्या गटाने सोने विरघळलेल्या द्रवात गारेचे तुकडे ठेवले आणि भूकंपाच्या लाटांसारखे हादरे त्यांना दिले. त्या विजेने द्रवातले सोने गारेवर बसू लागले, आणि पूर्वीपासून बसलेला सोन्याचा कण असेल तर नवे सोने त्याच्याच अंगावर येऊन बसू लागले, कारण गार विजेला वाट देत नाही आणि सोने देते. जिथे एकदा सोने बसले तिथेच ते पुढच्या प्रत्येक धक्क्याला वाढत गेले.

हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. एका बाजूला ज्ञानाचा निखळ आनंद होता. निसर्गाने इतक्या थोडक्या साहित्यात, फक्त पाणी, गंधक, गार आणि हादरा एवढ्यावर, ही किमया साधावी याने मन भरून आले होते. दुसऱ्या बाजूला मावशीची चपटलेली बोरमाळ होती. तिच्या अंगावरचे सोने कुठल्यातरी खंडातल्या, कोणत्या तरी अतिप्राचीन भेगेच्या असंख्य धक्क्यांनी गोळा झालेले, आणि त्याच जातीच्या एका धक्क्याने तिच्या गळ्याशी येऊन लाखेचा चुरा केलेला. यात काही न्याय आहे, काही संकेत आहे, असे मला वाटत नाही आणि कोणी तसे म्हटले तर मी ते ऐकून घेणार नाही. मेलेल्या माणसांना सोन्याच्या गोष्टीत जमेच्या बाजूला मांडता येत नाही. तरीपण या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवणेही मला जमत नाही. आपल्या पुस्तकांत भूकंप आपत्तीच्या धड्यात असतो आणि सोने खनिज संपत्तीच्या धड्यात, मध्ये पन्नास पाने असतात. आता मी ते एकाच तासाला शिकवतो.

मग किल्लारीखाली सोने तयार झाले असेल का, असे एका मुलीने वर्गात विचारले होते. तिचा प्रश्न मामांच्या प्रश्नापेक्षाही अवघड होता आणि मी तो टाळला नाही. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल छिद्र घेतले तेव्हा काळ्या पाषाणाची जाडी सुमारे 338 मीटर भरली. त्याखाली गाळाचा थोडा थर, आणि त्याखाली अब्जावधी वर्षे जुना ग्रॅनाइटी नाइस हा खडक लागला. भूकंपाची भेग त्या जुन्या खडकातली आहे, धक्का पहिल्या दहा-एक किलोमीटरच्या आतच उगम पावला, आणि त्या खोलीवर द्रवाने भरलेला भाग असावा असेही काही अभ्यासकांनी मांडले आहे. एवढे ऐकले की कोणाचीही उत्सुकता चाळवेल. परंतु नुसती भेग आणि नुसते पाणी यांनी सोन्याची शीर होत नाही. खाली पाणीदार, गंधकयुक्त, काळ्या जुन्या लाव्ह्याचा मोठा साठा तापत असावा लागतो. शास्त्रज्ञ त्याला ग्रीनस्टोन पट्टा म्हणतात. एकाच वाटेने लाखो वर्षे पाणी लोटावे लागते. एका पहाटेचे एक भेगणे, ते कितीही भयंकर असले, तरी हट्टीच्या नमुन्यातल्या एका केसाएवढ्या रेघेपुरते आहे. आणि सगळे जमून आले तरी वरचे कित्येक किलोमीटर खडक झिजून गेल्याशिवाय माणसाचा हात तिथवर पोहोचत नाही. आपल्याकडे झीज चालू आहे, पण आधी काळा पाषाण सरायला हवा. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोलीकडे तो सरला आहे आणि ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे शेतांत उघडे पडले आहेत. तिथे मला उभे राहायला आवडते, कारण सबंध मराठवाड्याचे पायथे तिथे हाताला लागतात. मात्र तो ग्रॅनाइट आहे, सोन्याला लागणारा काळा पट्टा नव्हे.

तो पट्टा हट्टीला आहे. तिथला काळा खडकही मुळात आपल्यासारखाच बेसाल्ट, फक्त समुद्राखाली ओतलेला आणि अडीच अब्ज वर्षांहून जुना. आपल्या पाषाणाचे वय त्याच्या पस्तिसाव्या हिश्शाइतकेही भरत नाही. तो गाडला गेला, तापला, चेपला, पिळवटला आणि त्या पिळातल्या भेगांमधून तीन-चारशे अंशांचे पाणी पुन्हा पुन्हा वर निघाले. दक्षिणेला कोलारलाही हेच झाले. 2001 मध्ये बंद होईपर्यंत तिथल्या खाणी 3 किलोमीटरहून खाली गेल्या होत्या, आणि इतक्या खोलीवर दगड उपसल्यामुळे ताणलेला खडक मध्येच स्फोटासारखा फुटून कामगारांचे जीव घेत असे. सोन्याच्या शिरेभोवतीचा खडक शांत झालेला असतोच असे नाही.

हट्टीच्या परिसराशी आपले नाते निजामी राज्याहून खूप जुने आहे. तिथून जवळच मस्की आहे. 1915 मध्ये सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्याला तिथल्या खडकावर कोरलेली अक्षरे दिसली. तो सम्राट अशोकाचा लेख निघाला आणि त्यात 'देवानंपिय' या बिरुदाशेजारी अशोकाचे प्रत्यक्ष नाव होते. सोने शोधणाऱ्याला इतिहास सापडला, कारण त्या डोंगरांत लोक अशोकाच्या काळापासून, कदाचित त्याआधीपासून, येत होते. हट्टीतली प्राचीन खाणकामे सुमारे 2,000 वर्षांपूर्वीची आहेत, म्हणजे पैठणला सातवाहन राज्य करीत होते आणि तेरच्या पेठेतला माल पश्चिमेच्या बंदरांकडे जात होता त्या सुमाराची. त्या लोकांकडे सुरुंग नव्हते. ते खडकाला लाकडे लावून आग देत, खडक तापून तडकला की छिन्नी-हातोड्याने सोडवीत, पाणी हाताने उपसत, आणि अशा रीतीने ते जवळजवळ 190 मीटर खाली गेले. धुराने कोंदलेल्या त्या अरुंद वाटांत तेलाच्या दिव्याच्या उजेडात गार पाहणाऱ्या माणसाला गंधकाची दोस्ती ठाऊक नव्हती, भूकंपाची झडप ठाऊक नव्हती. पण शीर सरळ आणि बारीक आहे तिथे ती सोडून द्यावी, आणि ती वाकून रुंद झाली आहे, म्हणजे धक्क्यांच्या वेळी जिथे जमीन सर्वांत जास्त उघडली होती, तिथला दगड काढावा, एवढे त्याला अनुभवाने कळत असावे.